दवाच्या नावावर

गेल्या पौषातली गोष्ट. दुपारची जेवणं उरकून मी पडवीत बसले होते आणि नणंदेशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता सहज म्हणाले, "आजकालच्या मुलींच्या हाताला सबुरीच नाही." पलीकडे नणंद जी खो खो हसायला लागली ती थांबेचना. म्हणाली, "वैनी, मला वाटलं आईच बोलतेय."

तिची आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. हे वाक्य त्यांचंच होतं, अगदी शब्दाला शब्द. आणि ज्या आजकालच्या मुलीबद्दल त्या ते उठता-बसता म्हणायच्या, ती मुलगी मी.

मला म्हातारं वाटायला आत्तापर्यंत पुष्कळ निमित्तं झाली होती, पण मी कशालाच दाद दिली नव्हती. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा पट्टा बांधला आणि कामाला लागले. शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी नवी साडी नेसून गावभर मिरवले. भाजीवाल्याने 'आजी' म्हटलं तेव्हा त्यालाच चार शब्द सुनावून वर मूठभर कोथिंबीर उकळली. त्या दुपारी मात्र फोन ठेवला आणि हात नकळत केसांकडे गेला. एकोणसाठावं सरत आलं होतं, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

विषय होता सुकेळ्यांचा, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांचा. आमची वाडी भुईगावच्या अलीकडे, समुद्रापासून चालत पाव तासावर. पूर्वी या पट्ट्यात घरोघरी राजेळी केळी असायच्या आणि पावसाळा सरला की अंगणा-अंगणांत सुकेळ्यांचे मांडव पडायचे. आता राजेळीची झाडं शोधावी लागतात. आमच्याकडे आहेत, कारण मी ती जाऊ दिली नाहीत. वसईसारखी सुकेळी दुसरीकडे कुठे होत नाहीत आणि वसईत आमच्यासारखी होत नाहीत. हे मी विनयाने वगैरे सांगत नाहीये. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण आमच्या भागात आजही माझी ओळख 'त्या सुकेळीवाल्या बाई' अशीच आहे आणि मला ती ओळख फार आवडते.

काम सांगायला सोपं आहे. राजेळीचे लोंगर, म्हणजे अख्खे घड, उतरवायचे आणि पेंढ्यात पिकवायचे. पिकले की एकेक केळं हाताने सोलायचं, नख लागू द्यायचं नाही. कमरेएवढ्या उंच मांडवावर कारवीच्या काठ्या, त्यावर केळी ओळीने मांडायची आणि सात-आठ दिवस उन्हं द्यायची. दिवसातून दोनदा उलटायची. खरी परीक्षा संध्याकाळची. सूर्य बुडायच्या आत सगळी उचलायची, कारण आमच्याकडे थंडीत दव असं पडतं की सकाळी पत्र्यावरून पागोळ्या गळतात. उचललेली केळी बांबूच्या टोपलीत ठेवायची, खाली-वर केळीची वाळलेली पानं, वरून गोणपाट. रात्रभर त्यांना मध सुटतो, सकाळी तो पुन्हा त्यांच्यातच मुरतो. आठव्या दिवशी गुळाच्या खड्यासारखा रंग येतो. मग पानात गुंडाळून, सोपटाने, म्हणजे केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सालीने, बांधून पुडे करायचे.

यंदा मी घरात जाहीर करून टाकलं होतं की हा मांडव शेवटचा. माझ्याने आता वाकवत नाही. हे म्हणाले, "बरं." माझे यजमान प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणतात, त्यामुळे त्यांच्याकडून विरोधाची अपेक्षा नव्हतीच. विरोध केला तो सुनेने. ती लॅपटॉपमधून मान वर करून म्हणाली, "शेवटचा कसा? मला शिकवा ना. मी करीन."

माझी सून वऱ्हाडातली. लग्नाला तीन वर्षं झाली. घरूनच कंपनीचं काम करते, कानाला सतत ती दोन बोंडं लावलेली. मुलगी गुणी आहे, त्यात वाद नाही. पण सुकेळी करायला हाताची एक चाल लागते आणि ती हिच्याकडे नव्हती. केळी मांडता मांडता मीटिंग, उलटता उलटता मीटिंग. मी तोंडावर काही बोलले नाही. मी आधुनिक सासू! सासूबाईंनी मला जेवढं बोलून घेतलं होतं, त्यातलं अक्षरही सुनेला ऐकवायचं नाही, असं मी तिच्या गृहप्रवेशाच्या दिवशीच ठरवलं होतं. "छान जमतंय हं" असं मी दिवसातून चारदा म्हणायचे. आणि मनात साठलेलं सगळं दुपारी नणंदेच्या फोनवर रिकामं करायचे.

त्या दुपारीही तेच चाललं होतं. सून पाच पावलांवर मांडवाशी केळी उलटत होती. पण मी निर्धास्त होते, कारण नणंदेशी मी आमच्या घरच्या बोलीत बोलते. माझ्यासारखी विरारच्या चाळीतून आलेली मुलगी ती बोली शिकायला दोन वर्षं घेते. ही तर दिवसभर कंपनीतल्या लोकांशी इंग्रजीत आणि आमच्याशी शहरी मराठीत बोलणार. हिला काय कळणार!

संध्याकाळी आम्ही दोघी टोपल्या भरत होतो. शेवटचं पान वर घालून सून म्हणाली, "आई, उद्या तुम्ही जूचंद्रला जाणार ना? खुशाल जा. संध्याकाळचं मी एकटी आवरते." मग गोणपाटाचं टोक नीट खोचत, माझ्याकडे न बघता तिने जोडलं, "सबुरीने आवरीन."

माझा चेहरा तिने पाहिला नाही हे बरं झालं. कानापर्यंत तापला होता. तीन वर्षं ही मुलगी आमची बोली ऐकत होती, समजत होती, आणि दर दुपारी पाच पावलांवर उभी राहून स्वतःबद्दलची गाऱ्हाणी ऐकत होती. एका शब्दाने बोलली नाही. सबुरी नाही म्हणे!

रात्री जेवताना माझं लक्ष नव्हतं. मला माझा पहिला मांडव आठवत होता.

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्न होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. सासूबाई दिवसभर माझ्या हातांवर नजर ठेवायच्या. केळं असं नको धरू. त्याची पाठ अशी नको वळवू. कॉलेजात हेच शिकवलं का? आजकालच्या मुलींच्या हाताला सबुरी नाही. सगळं थेट तोंडावर, चार माणसं असली तर चार माणसांसमोर. मी आत जाऊन रडायचे आणि बाहेर येऊन केळी उलटायचे. एका संध्याकाळी त्यांना बरं नव्हतं, टोपल्या मी एकटीने भरल्या. वाळलेली पानं कमी पडली. वाडीत जाऊन आणखी निवडून आणायची तर अर्धा तास जाणार होता, आणि मला रेडिओवरची श्रुतिका ऐकायची होती. मी जवळच्या केळीची चार अर्धी हिरवी पानं ओरबाडली आणि तीच लावली. दिसायला उलट सुंदर दिसत होती, मऊ, तुकतुकीत. हिरवं पान रात्रभर ओल सोडत राहतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहाटे टोपली उघडली तर आंबूस भपकारा. दोन दिवसांत सगळ्यांवर पांढरी बुरशी धरली. अख्खा मांडव गेला.

सासूबाईंनी मला त्या सकाळी जे सुनावलं ते मी इथे लिहिणार नाही. पण दुपारी भाऊबंदांतल्या बायका चौकशीला आल्या तेव्हा सासूबाई पडवीत बसून शांतपणे म्हणाल्या, "दवाने खाल्लं यंदा. उचलायला मलाच उशीर झाला." मी दाराआड उभी होते. पुढे कितीतरी वर्षं कोणी विषय काढला की त्या तेच सांगायच्या. दवाने खाल्लं. आणि मीही तेच सांगू लागले. इतकी वर्षं सांगितलं की मला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

त्या रात्री ताटावर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा दिसलं की सासूबाईंनी आणि मी काय वेगळं केलं. त्यांनी मला तोंडावर बोल लावले आणि गावात पाठीशी घातलं. मी सुनेशी तोंडावर गोड बोलले आणि फोनवर तिचे वाभाडे काढले. आणि स्वतःला आधुनिक म्हणवत होते. मला माझीच लाज वाटली. खरं सांगायचं तर ती अजून पुरती गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी जूचंद्रला भाचीच्या, म्हणजे नणंदेच्या मुलीच्या, नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. नणंदेने रात्री राहायचा आग्रह केला. मी राहिले. निघताना सुनेला टोपल्यांबद्दल आणखी चार गोष्टी सांगायच्या होत्या. पण आदल्या दिवशीच्या त्या 'सबुरीने' नंतर माझी जीभ उचलेना. "तुला माहीतच आहे सगळं," एवढंच म्हणाले आणि रिक्षात बसले. चौदाव्या मजल्यावरच्या त्या गॅलरीत उभी राहून सबंध संध्याकाळ मी पश्चिमेकडे बघत होते. सूर्य बुडायच्या आत सुनेचा फोन आला, "आई, सगळं उचललं. वेळेत." माझा जीव भांड्यात पडला.

परत आले तर सून पायरीवर बसली होती. कानात बोंडं नव्हती, मांडीवर लॅपटॉप नव्हता. मला बघून उभी राहिली. म्हणाली, "आई, माझ्याकडून वाट लागली."

झालं होतं ते असं. संध्याकाळी टोपलीच्या कडेला तिला मुंग्यांची रांग दिसली. मुंग्या म्हटल्यावर हिला धीर कसला! स्वयंपाकघरातून तिचे ते महागडे, चारही बाजूंनी कडी लागणारे, हवाबंद डबे आणले. धुतले, पुसले, कोरडे केले आणि निगुतीने एकेक केळं त्यात रचून झाकणं लावून टाकली. झाकणं अशी घट्ट की वाराही शिरू नये. सकाळी उघडली तेव्हा आत पाणी साठलेलं आणि केळ्यांना तोच आंबूस वास. मी तो वास पस्तीस वर्षांनी घेतला आणि लगेच ओळखला. डबे संपले म्हणून एकच टोपली जुन्या पद्धतीने पानांत राहिली होती. तेवढी शाबूत होती.

आणि मग मी तिला रागावले. तीन वर्षांत पहिल्यांदा, अंगणात उभी राहून, शेजारच्या वाडीत ऐकू जाईल अशा आवाजात. टोपली काय शोभेला ठेवली होती का? केळ्यांना वारा लागतो, तेवढी अक्कल नको? मुंग्या दिसल्या तर परातीत पाणी घालून मधे विटेवर टोपली ठेवायची, डबे कसले आणतेस? तिने मान खाली घातली नाही. डोळे भरले होते, पण तीही तेवढ्याच जोरात म्हणाली, "मग टोपलीच का, ते कधी सांगितलंत का तुम्ही? पान वाळलेलंच का, ते सांगितलंत? नुसतं असं कर, तसं कर आणि छान जमतंय. चुकत होतं तर तेव्हाच बोलायचं ना. मला, तुमच्या नणंदबाईंना नाही!"

हे मधेच बाहेर आले, दोघींकडे पाहिलं, "बरं" म्हणाले आणि आत गेले. त्यावर आम्हा दोघींना एकदम हसू फुटलं. तिथेच पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं, टोपली का, पान वाळलेलंच का, उन्हं किती आणि उचलायचं केव्हा. बऱ्याच गोष्टींचं कारण मलाही सांगता येईना, कारण मलाही कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मग आपण शोधून काढू." माझ्या हिरव्या पानांबद्दल मात्र मी तिलाही काही बोलले नाही. तेवढा अभिमान आड आला.

आमच्या घरी एक रीत आहे. पुडे बांधायच्या दिवशी पहिलं सुकेळं भाऊबंदांतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईने चाखायचं. तिने मान डोलावली की मग पुडे बाहेर जातात. गेली काही वर्षं हा मान काकींचा. काकी माझ्या सासूबाईंच्या धाकट्या जाऊ. नव्वदीला टेकल्या आहेत, पण जिभेची धार तशीच. ठरल्या दिवशी त्या काठी टेकत आल्या, बरोबर शेजारवाडीतल्या दोघी-तिघी. पडवीत ऐसपैस बसल्या आणि समोरच्या एका टोपलीकडे बघून म्हणाल्या, "यंदा एवढीच?"

मी क्षणाचाही विचार केला नाही. शब्द आपोआप बाहेर आले. "दवाने खाल्लं हो, काकी. जूचंद्रहून परतायला मलाच उशीर झाला."

बोलले आणि ऊर भरून आला. वाटलं, चला, सासूबाई, तुमचं देणं फिटलं. सुनेला पाठीशी घातलं. आता ती दाराआडून ऐकेल आणि आयुष्यभर लक्षात ठेवेल.

पण ती दाराआड नव्हतीच. पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या शेजारीच उभी होती. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "दव नाही, काकी. उचललेली सगळी वेळेत. मीच हवाबंद डब्यांत भरली, घाम सुटला आणि आंबली. चूक माझी. पण ही टोपली मी भरलीय. ही खाऊन सांगा."

अशी चूक अशा बायकांसमोर कोणी कबूल करत नाही. मी माझी पस्तीस वर्षांत कबूल केली नव्हती. माझं मन एवढं भरून आलं की काय करावं सुचेना. तिच्याकडे बघताना वाटत होतं की उठावं आणि शेजारणींना हलवून विचारावं, बघितलीत का माझी सून? दुसऱ्याच्या आड लपायला नको, कोणाची मेहेरबानी नको. सरळ उभी राहून सांगतेय, चूक माझी. आणि मी हिच्या हातांबद्दल तक्रारी करत बसले होते.

काकींनी सुकेळं उचललं, हुंगलं, दाताला लावलं. सावकाश चघळलं. मान डोलावली. "गोड आलंय," म्हणाल्या. "हात बसंल हिचा."

आता मला गप्प बसवेना. सून एवढी उभी आणि मी अजून दवाच्या नावावर बसलेली, हे बरं दिसत नव्हतं. मी घसा खाकरला. "काकी, एक सांगायचं राहिलंय. माझ्या लग्नाच्या साली आमचा मांडव गेला होता, आठवतो का? तेही दव नव्हतं. मी हिरवी पानं लावली होती."

सून माझ्याकडे बघतच राहिली. काकींनी मात्र दुसरं सुकेळं उचललं.

"मना काय सांगते?" त्या म्हणाल्या. "दवाला हिरव्या पानाचा वास येतो व्हय गो? मीच आलते ना तवा इथं. घरात शिरले तशी कळलं. समद्यांनाच कळलं."

"मग कोणी काही बोललं कसं नाही?"

"तुजी सासू दव सांगत होती. तिची सून, तिनं काय सांगायचं ते तिचं तिला. आमी कशाला बोलू?" मग शेजारणींकडे वळून, काठी जमिनीवर आपटून काकी म्हणाल्या, "आजकालच्या सुना! यांना वाटतं म्हाताऱ्यांना नाकच नसतं."

शेजारणी हसल्या. मी बोटाने स्वतःकडेच खूण करून बघितली. होय, हे माझ्याचबद्दल होतं. गुडघ्याला पट्टा, निवृत्त शिक्षिका, एकोणसाठ सरत आलेली बाई, आणि त्या पडवीत मी अजून आजकालची होते.

काकींचं तोंड सुरू झालं होतं. आमच्या वेळी असं, आमच्या वेळी तसं. वाडीत राजेळीचे दोन लोंगर अजून उभे होते. सुनेने मला हळूच विचारलं, "पुढच्या सोमवारी उतरवायचे ना?" मी मानेनेच हो म्हटलं आणि तिला खुणावलं, इकडे ये, माझ्याजवळ बस. ती आली. मी सरकून तिला सतरंजीवर जागा दिली आणि दोघी मांडीला मांडी लावून काकींची बोलणी ऐकत बसलो.